ढेकर आला तरच औषध लागू पडलं? नाही!

पित्ताचं औषध घेतल्यावर ढेकर आला तरच ते लागू पडलं, असं घरोघरी मानतात. खाण्याचा सोडा किंवा मॅग्नेशियम कार्बोनेट जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ढेकर त्याचाच. पित्ताच्या पातळ औषधांत असणाऱ्या मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र कार्बोनेटच नसतं, त्यामुळे फक्त मॅग्नेशियम क्लोराइड आणि पाणी तयार होतं. तरीही १ ग्रॅम हायड्रॉक्साइड जवळपास सव्वा ग्रॅम आम्ल संपवतं! पाण्यात ते जेमतेम विरघळतं, म्हणून बाटली हलवूनच घ्यायची. आम्ल मिळालं की मात्र विरघळत जातं. ढेकरासाठी डोस वाढवू नका: मॅग्नेशियमचे क्षार आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि जुलाब होतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊच नका.