टूलने दाखवलेली सिंटॅक्स एरर म्हणजे कोडमधलीच चूक का?

‘कोड तपासणाऱ्या टूलने सिंटॅक्स एरर (कोडच्या व्याकरणातील चूक) दाखवली, म्हणजे कोड चुकलाच’, असा समज बराच काळ प्रचलित आहे. तो स्वाभाविक आहे, कारण बहुतेक वेळा टूलचेच बरोबर असते. परंतु प्रत्येक टूल आपल्याजवळच्या व्याकरणानुसारच कोड वाचते आणि ते व्याकरण भाषेच्या मागे पडू शकते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २०२१ मधील ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ विधान (मूल्याच्या रूपानुसार पुढची कृती निवडणारी रचना) आले. पायथनमध्ये लिहिलेली अनेक टूल्स भाषेसोबत येणारे ‘एएसटी’ मोड्यूल (कोड वाचून त्याची रचना मांडणारा भाग) वापरतात आणि त्या मोड्यूलला, टूल ज्या आवृत्तीवर चालते, तिचेच व्याकरण ठाऊक असते, म्हणून ३.९ वर बसवलेले टूल निर्दोष ‘मॅच’लाही एरर ठरवते. स्वतःचा पार्सर (व्याकरणानुसार कोड वाचणारा भाग) बाळगणाऱ्या टूल्सचे काम तर अधिकच अवघड, आणि त्यांना उशीर झाला तर तो समजून घेण्यासारखा आहे, कारण ‘मॅच’ हा पूर्णपणे राखीव शब्द नाही: तो व्हेरिएबलचे नावही असू शकतो आणि नेमके काय आहे, हे पुढचा मजकूर वाचल्यावरच ठरते.

पडताळणीसाठी तीच फाइल ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीच्या इंटरप्रिटरने (पायथन कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने), न चालवता, केवळ कंपाइल करून पाहावी. ती कंपाइल झाली, तर टूल कोणत्या पायथनवर बसवले आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये कोणती आवृत्ती नोंदवली आहे, ते तपासावे. न झाल्यास चूक कोडमध्येच शोधावी.