किल्लारीचे बेघर आणि स्टेशनवरचे बेघर

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. सकाळी नांदेडच्या गाडीसाठी परभणी स्टेशनला गेलो तर पंचविशीतला एक पोरगा मोबाईलमधला फोटो दाखवत एकेकाला विचारत फिरत होता, "दादा, आमच्या बाबाला पाहिलं का कुठं? जरा पितेत, दिवाळीपासून घरी नाहीत." फोटो कुणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा, कपाळाला टिळा. मी म्हणलं, बाबा, जिन्याखाली एक म्हातारा माणूस झोपायचा खरं, आता चार-पाच दिवस झाले दिसला नाही. पोराने लगेच विचारलं, दाढी होती का? उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं का? आणि मला सांगता येईना. दीड वर्ष मी त्या माणसाच्या बाजूनं जाऊन-येऊन दिवसातून दोनदा गेलो असेन, त्याचं कांबळं कोणत्या रंगाचं होतं ते आठवत होतं, त्याचं पोतं आठवत होतं, चेहराच आठवत नव्हता. पोरगा ठीक आहे म्हणून पुढच्या माणसाकडं गेला आणि माझी गाडी आली.

ते काही डोक्यातून जाईना. म्हणून मग वाचायला घेतलं, की रोज दिसणारा माणूस आपल्याला दिसत कसा नाही.

यावर एक प्रयोग आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क या दोघांनी कॉलेजच्या पोरापोरींना एमआरआय मशीनमध्ये झोपवून वेगवेगळ्या लोकांचे फोटो दाखवले. खेळाडू, श्रीमंत माणसं, म्हातारी माणसं, अपंग, आणि त्यातच रस्त्यावर राहणारे आणि नशा करणारे. कपाळाच्या मागं, मधोमध मेंदूचा एक भाग असतो, समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना तो कामाला लागतो. बाकी लोकांचे फोटो पाहताना तो कामाला लागला, पण बेघर आणि नशेबाजांच्या फोटोला त्याची हालचाल मंद राहिली, आणि उलट किळस आणि भीतीशी संबंध असलेले भाग जागे झाले. म्हणजे समोर माणूस आहे आणि मेंदू त्याच्या मनाचा विचारच सुरू करत नाही. प्रयोग छोटा होता, एकाच देशातल्या विद्यार्थ्यांवर होता, आणि मेंदूतली हालचाल म्हणजे लाइटचं बटण नसतं हे मला मान्य आहे, त्यामुळं सगळं यावरच टाकू नये. पण जिन्याखालचं कांबळं आठवतं आणि माणूस आठवत नाही, याचं याहून जवळचं उत्तर मला सापडलं नाही.

घाईचा पण हात असतो. १९७३ साली त्याच प्रिन्स्टन गावात डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडं पाठवलं आणि वाटेत दारात एक माणूस खोकत, वाकून पडल्यासारखा बसवला. काहींना सांगितलं वेळ आहे, काहींना सांगितलं उशीर झालाय पळा. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, घाईतले फक्त १० टक्के. विशेष म्हणजे त्यातल्या काहींना पलीकडं जाऊन वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाच्या गोष्टीवरच बोलायचं होतं, त्यानंही फार फरक पडला नाही.

पण घाई नसतानाही आपण एकाला पाहतो आणि एकाला नाही, ते का?

आपल्याकडं याचं उदाहरण मोठं आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंतींची जड माळवदाची घरं अंगावर आली, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली आणि त्याहून कितीतरी जास्त उघड्यावर आली. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी भाकऱ्या थापल्या होत्या, टेम्पो भरून कपडे गेले होते, आजी चादरी धुऊन घड्या घालून देत होती. समोरचा बेघर पितो का, काम करतो का, आधी कसा वागायचा, हे कुणीच विचारलं नाही, विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तीच आजी स्टँडवर झोपलेला माणूस दिसला की तोंडाला पदर लावून म्हणायची, पेताड दिसतंय मेलं, लेकराहो तिकडून जाऊ नका. माझी आजी वाईट नव्हती, लई मायाळू होती.

बर्नार्ड वायनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नेमका हा फरक अभ्यासला. १९८८ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या अवस्थांबद्दल विचारलं, आंधळेपण, कॅन्सर, स्मृतिभ्रंश, लठ्ठपणा, नशा वगैरे. ज्या गोष्टीबद्दल वाटतं की हे त्याच्या हातात नव्हतं, तिथं दया येते आणि हात पुढं होतो, आणि जिथं वाटतं की यानं स्वतःच ओढवून घेतलं तिथं राग येतो आणि हात मागं जातो. आपण दुःख मोजत नाही, आपण दोष मोजतो. म्हणजे भूकंपानं घर गेलं तर तो आपला माणूस आणि दारूनं गेलं तर तो स्वतःच्या कर्मानं गेला. मेल्विन लर्नर यांनी त्याच्याही आधी, साठच्या दशकात दाखवलं होतं की जगात ज्याला त्याला आपल्या लायकीचंच मिळतं असं मानायला माणसाला आवडतं, कारण तसं नसेल तर उद्या माझ्यावरही पाळी येऊ शकते, आणि ती भीती सहन होत नाही.

आता लगेच कुणी म्हणेल, पण दारू तर तो स्वतःच पितो ना, भूकंप काय त्यानं आणला नव्हता. हे म्हणणाऱ्यात जास्त करून बाया असतात आणि त्यांना मी अज्ञानी म्हणणार नाही. ज्या बाईचं मंगळसूत्र गुत्त्यावर गेलं, जिच्या लेकराच्या वह्यांचे पैसे गेले, तिचा राग तिच्या जागी आहे. पहिला घोट तो स्वतःच घेतो हेही खरं. पण पहिला घोट तर गावातले कितीतरी जण घेतात, सगळ्यांचं काय तसं होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की दारूचं व्यसन कुणाला लागेल यातला साधारण निम्मा वाटा अनुवंशिकतेचा असतो, राहिलेला परिस्थितीचा. आणि एकदा शरीर दारूवर अवलंबून झालं की इच्छाशक्तीचा प्रश्न बराच मागं पडतो.

ते कसं ते सांगतो, कारण हे माहीत नसल्यानं जीव जातात. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज, महिनोन् महिने ब्रेक दाबलेला राहिला तर मेंदू गप्प बसत नाही, तो तेवढाच जास्त अॅक्सिलेटर देऊन गाडी चालू ठेवतो. अशा माणसाची दारू एकदम बंद केली की ब्रेक गेला आणि अॅक्सिलेटर तसाच राहिला. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी भास होतात, अंग तापतं, माणूस कुठं आहे हेच त्याला कळत नाही, यात मृत्यूही होतो. आपल्याकडं सर्रास म्हणतात की दोन दिवस कोंडून ठेवा, आपोआप उतरंल. फार पिणाऱ्याच्या बाबतीत असं कधी करू नये, डॉक्टर औषधं देऊन हळूहळू उतरवतात, ब १ जीवनसत्त्व देतात, ते दवाखान्यातच व्हायला पाहिजे. सकाळी सात वाजता देशीच्या दुकानापुढं थरथरत उभा असलेला माणूस मजा करायला आलेला नसतो, तो हात थांबवायला आलेला असतो.

आणि परिस्थितीचा वाटा किती, तर व्हिएतनाम युद्धातले अमेरिकन सैनिक बघा. तिथं साधारण पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार घाबरलं की हे सगळे नशेबाज आता घरी येणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला तर तिथं व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा त्यात अडकले. जागा बदलली, भीती गेली, घर, आई, काम परत मिळालं. रस्त्यावरच्या माणसाचं उलटं असतं, त्याला परत जायला जागाच नाही, आणि बरेच जण तर रस्त्यावर आल्यावर प्यायला लागतात, हे आपण लक्षातच घेत नाही. मच्छर, कुत्री, पोलिसाची काठी, उशाची पिशवी चोरीला जायची भीती, यात झोप यावी म्हणून पितात. स्टेशनवरची लेकरं सोल्युशन हुंगतात कारण त्यानं भूक आणि थंडी कळत नाही. परभणीची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून अंग गरम वाटतं, पण आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते आणि कुडकुडणंही कमी होतं. उबेसाठी पिलेला माणूस न पिलेल्यापेक्षा लवकर गारठतो.

व्यसनामुळंच माणूस बेघर होतो हे आपण धरून चालतो, ते आकड्यांशी जुळत नाही. अमेरिकेत नशेच्या अतिरेकानं मरणाऱ्यांचं प्रमाण वेस्ट व्हर्जिनियात सगळ्यात जास्त राहिलंय, पण तिथं बेघर कमी आहेत, कारण घरं स्वस्त आहेत. बेघरांची गर्दी कॅलिफोर्नियात आहे जिथं भाडं परवडत नाही. मला हे वाचल्यावर टँकर आठवला. टँकर आला आणि पाणी पुरेसं नसलं की शेवटी कुणाची घागर रिकामी राहते? लंगड्याची, म्हातारीची, जिच्या घरी तरणं माणूस नाही तिची. मग कुणी म्हणलं की म्हातारीला पाणी मिळालं नाही कारण ती म्हातारी आहे, तर ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे, टँकरमध्येच पाणी कमी होतं ना. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या ठिकाणी गर्दीवर बंदी घालणारं १४४ कलम लावावं लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्याची घागर रिकामी त्याच्या चारित्र्याची चौकशी कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण फक्त म्हातारीकडं बघतो. दारू, वेड, भांडण यानं ठरतं की रांगेत मागं कोण राहणार, किती जण कोरडे राहणार ते घरांच्या संख्येनं आणि भाड्यानं ठरतं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर लोकांची मोजणी झाली, देशात १७.७ लाख आणि महाराष्ट्रात २.१ लाख भरले. नियम असा आहे की शहरात दर १ लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांची सोय होईल असा कायमचा निवारा पाहिजे. त्याच जनगणनेत परभणीची लोकसंख्या ३ लाखांवर, नांदेडची साडेपाच लाख, संभाजीनगरची पावणेबारा लाखांच्या आसपास होती, आपापल्या गावचा हिशेब वाचणाऱ्यानं स्वतः करावा आणि जाऊन बघावं. आणि नुसती इमारत पुरत नाही. पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवलं, तर ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर राहतो. १९९२ पासून न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी हे उलटं केलं, आधी घर, नशा सोडायची अट नाही, उपचार मागाल तेव्हा. नंतर कॅनडात पाच शहरांत दोन हजारांवर लोकांवर याची नीट चाचणी झाली. घर मिळालेले लोक घरात टिकले, नेहमीचीच मदत मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा खूप जास्त. दारू-नशा मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली, म्हणजे घर हे व्यसनाचं औषध नाही, हेही सांगायला पाहिजे. पण आधी सोड मग घर देतो, ही अट लावून काही जास्त मिळत नाही, एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडं कायद्यांचीच दोन तोंडं आहेत. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा रस्त्यावरच्या माणसाला पकडून एक ते तीन वर्षं कोंडायची मुभा देतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पोलिसांना सांगतो की मानसिक आजार असल्यासारखा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्या आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्या. म्हणजे फाटक्या कपड्यातला माणूस आरोपी की पेशंट, हे बऱ्याचदा पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. नजर किती लवकर बिघडते बघा, केली आणि वेस्टरहॉफ यांनी २०१० साली मानसिक आरोग्याच्याच क्षेत्रातल्या पाचशेवर लोकांना एकाच पेशंटची माहिती दिली, निम्म्यांना 'नशेबाज' असा शब्द वापरून, निम्म्यांना 'व्यसनाचा आजार असलेला' असं लिहून. पहिला शब्द वाचलेल्यांनी त्याला जास्त दोषी धरलं आणि शिक्षेकडं जास्त झुकले. शिकलेल्या तज्ज्ञांचं हे, मग आपण बेवडा म्हणून हाक मारतो तिथं काय. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आलंय की दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. फोन नंबर आहेत, व्यसनासाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फुकट. पण फोन करायला कुणाला तरी तो माणूस आधी दिसावा लागतो.

हॅरिस आणि फिस्क यांचा २००७ चा पुढचा प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवला. तसेच फोटो, पण या वेळी काही फोटोंच्या वेळी विचारलं की हा माणूस किती वयाचा असेल, आणि काहींच्या वेळी विचारलं की याला अमुक भाजी आवडत असेल का. वय विचारलं तेव्हा मेंदू तसाच गप्प. भाजीचं विचारलं की कपाळामागचा तो भाग कामाला लागला, कारण आवडनिवड ओळखायची तर आधी त्याला मन आहे हे धरावं लागतं.

आता जिन्याखाली दुसरे एक मामा असतात. जानेवारीत एकदा गाडीला उशीर होता म्हणून थांबलो आणि विचारलं, मामा, चहा घेता का? त्यांनी बराच वेळ वर पाहिलंच नाही. मग म्हणले, गुळाचा असंल तर घेतो, साखरेच्यानं जळजळ होती. गुळाचा स्टेशनबाहेर मिळतो, तिथून आणला. जिंतूरकडचे आहेत, गवंडीकाम करायचे, पाय मोडल्यापासून काम सुटलं, पितात, ते लपवत नाहीत. डाव्या भुवईवर जुनी खूण आहे, दाढी पांढरी, खाली टोकाला पिवळट. दोन्ही हातांची दहाही बोटं पूर्ण आहेत, ग्लास धरताना पाहिलीत मी.

म्हणजे हे ते नाहीत. त्या पोराचा नंबर गुळाच्या चहावाल्यानं बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याच्या वर लावून ठेवलाय, अजून आहे.