बर्फासाठी कुठला टायर घालू? (दुचाकीवरून लेह-स्पितीला निघालेल्या ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की लालबागच्या आमच्या गॅरेजात एकच प्रश्न येतो. "दादा, परवा लेहला निघतोय, बर्फाचे टायर टाकून द्याल?" प्रत्येकाला फोनवर समजावून सांगण्यात कामाचा वेळ जातो, म्हणून हे पत्रक.

ताज्या, भुसभुशीत बर्फात नॉबी टायरचे, म्हणजे जाड रबरी गोट्यांच्या टायरचे, गोटे रुततात आणि पकड मिळते. पण रात्रभर गोठून काच झालेल्या बर्फावर गोट्यांना रुतायला जागाच नसते. तिथे फक्त लोखंडी खिळ्यांचे टायर धरतात, आणि तेच खिळे कोरड्या डांबरावर घसरतात. तुमचा बहुतेक प्रवास डांबरावरचा आहे. शिवाय नॉबीचं डांबराला टेकणारं रबर कमी असतं, त्यामुळे ओल्या हायवेवर ब्रेक लागायला जास्त अंतर जातं. म्हणून आम्ही बहुतेकांना डांबर-माती दोन्हीला चालणारे टायर सुचवतो. नॉबी महाग असतात आणि आमच्याकडे विकायलाही आहेत, तरी आमचं मत हेच.

खरा घोटाळा 'परवा' या शब्दात आहे. नवीन टायरवर गुळगुळीत थर असतो, तो झिजायला शे-दीडशे किलोमीटर जपून चालवावं लागतं. शिवाय टायर बसवताना काही राहिलं असेल तर तेही त्याच अंतरात कळतं. एकदा ग्राहकाच्या आग्रहाखातर निघायच्या आदल्या रात्री स्पोकच्या चाकावर टायर चढवला. ट्यूब रिममध्ये चिमटली होती. कसाऱ्याच्या घाटात हवा गेली, ग्राहकाचा अख्खा दिवस वाया गेला आणि आमचा माणूस इथून ट्यूब घेऊन धावला. चूक आमच्या हातून झाली, पण दोन दिवस आधी गाडी आली असती तर ती इथेच सापडली असती. तेव्हापासून निघायच्या आठवड्यात आम्ही टायर बदलत नाही. कृपया त्यावर वाद घालू नका.

बर्फावर टायरपेक्षा तुमचा हात जास्त काम करतो. पुढचा ब्रेक धरलात की पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी आडवी होते. खालचा गियर, क्लच सावकाश सोडणं, मागचा ब्रेक अगदी हलका, आणि हँडल सरळ. स्कूटरवाल्यांनी जास्त सांभाळावं. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना जोडब्रेक असतो, म्हणजे मागचा समजून डावा ब्रेक दाबलात तरी पुढचं चाकही धरलं जातं. वेग कमी झाला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला रोखत नाही. चाकंही लहान. स्कूटर नेऊ नका असं आम्ही म्हणत नाही, पण बर्फाच्या पट्ट्यावर उतरून ढकलत न्या.

"पहाटे पाचला निघू" ही मुंबईची सवयही तिथे सोडा. रस्त्यावर आलेलं पाणी रात्रीत सावलीच्या वळणांवर गोठलेलं असतं, आणि डांबरावरचा तो पातळ थर दिसतही नाही. ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबा. मात्र बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारनंतर फुगतात, तेव्हा जास्त उशीरही नको.

टायरमधल्या हवेचा दाब इथून मोजून नेऊन भागत नाही. थंडीने तो कमी होतो आणि उंचीने गेजवर (दाब मोजायच्या यंत्रावर) वाढलेला दिसतो. लेहजवळची खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणून खिशात गेज ठेवा आणि सकाळी चाकं थंड असताना मोजा.

लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी झालं म्हणून नळाचं पाणी घालू नका. पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर फुटू शकतो. कूलंट किती थंडीपर्यंत टिकेल ते आम्ही मोजून सांगतो. जाड हातमोज्यांत ब्रेक-क्लच नीट धरता यावेत म्हणून लिव्हर जुळवून देतो, बॅटरी तपासतो.

यायचं ते निघायच्या पंधरा दिवस आधी या, आणि घालणार असाल ते हातमोजे बरोबर आणा.