खजूर सिरप : वापरण्याआधी हे वाचा

ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : ‘मधुमेह असेल तर चालेल ना?’ ‘हो’ म्हणणे आम्हाला सोयीचे आहे, पण ते खरे नाही. खजूर सिरपमध्ये दोनतृतीयांशाहून थोडी जास्तच साखर असते, मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. साखरेपेक्षा सिरप वजनाला जड असल्यामुळे सपाट चमचाभर सिरपमधून जवळपास चमचाभर साखरेइतकीच, कधी किंचित जास्तच, साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५च्या सूचनांमध्ये मध आणि सिरप यांमधली साखर मर्यादेत ठेवायच्या साखरेतच मोजली आहे. तेव्हा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नका.

मग घ्यायचे कशासाठी? मुख्यतः चवीसाठी. पांढऱ्या साखरेला गोडीपलीकडे चव नसते. सिरपला खजुराचा खमंगपणा, किंचित आंबट-तुरट झाक आणि गडद रंग असतो. थोडे पोटॅशियम आणि इतर खनिजेही मिळतात, पण चमचाभरातून मिळून किती मिळणार! मध न खाणाऱ्यांना मात्र हा चांगला पर्याय आहे.

बिया काढलेला खजूर गरम पाण्यात मऊ करायचा, गाळायचा आणि रस आटवायचा, एवढीच याची कृती. गाळताना बराचसा तंतू चोथ्यात राहतो, म्हणून तंतू हवे असतील तर सरळ खजूर खा. (पूर्वी आटवण्याचीही गरज पडत नसे. बहारीनच्या प्राचीन किल्ल्यात जमिनीला पन्हळी असलेल्या खोल्या सापडल्या आहेत. तिथे खजुराची पोती एकावर एक रचत आणि त्यांच्याच भाराने पाझरलेला रस पन्हळीतून वाहत येई.)

भाजताना

खरी गडबड होते ती केक-बिस्किटांत. एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटीपेक्षा थोडे कमी सिरप घ्या आणि कृतीतले दूध किंवा पाणी तीन-चार मोठे चमचे कमी करा, कारण सिरपसोबत पाणीही येते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज लवकर तांबूस होतात, म्हणून ओव्हन १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी ठेवा, नाहीतर वरून करपेल आणि आत कच्चे राहील. लोणी आणि साखर फेटताना साखरेच्या कणांमुळे हवा धरली जाते. सिरपने ते होत नाही, त्यामुळे हलका स्पंज हवा असेल तर पूर्ण साखर बदलू नका. बिस्किटेही कुरकुरीत न होता मऊ राहतात. मसाल्याच्या गडद केकला मात्र सिरप फार छान लागते.

दुधात घालायचे असेल तर आच बंद करून, जरा निवल्यावर घाला. सिरप किंचित आम्लधर्मी असल्यामुळे उकळत्या दुधात घातल्यास ते फाटू शकते.

विकत घेताना, आमची बाटली असो वा दुसऱ्या कोणाची, घटकांची यादी वाचा. त्यात ग्लुकोज सिरप किंवा साखर दिसली तर ते निव्वळ खजुराचे नाही.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडाच वापरा, कारण पाणी शिरले की बुरशी धरते. तळाशी कण जमले तर ती साखर आहे, बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळते. आंबूस वास किंवा फेस आला असेल तर मात्र टाकून द्या.