शहराच्या सांडपाण्याचे तपासणी अहवाल मागवण्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि नेमकं काय मागायचं

रत्नागिरी घ्या, मालवण घ्या की मुरूड, शहरातलं सांडपाणी गटारातून पऱ्यात आणि पऱ्यातून खाडीत किंवा समुद्रातच उतरतं. त्याच खाडीत ओहोटीला लोक कालवं आणि तिसऱ्या काढतात, मुलं डुंबतात. या पाण्यात कशाची तपासणी होते आणि आकडे काय आले, हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली विचारता येतं. अर्ज सोपा आहे. अवघड आहे ते काय मागायचं हे ठरवणं, म्हणून आधी तेच पाहू.

सांडपाण्याच्या नेहमीच्या अहवालात बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), घन पदार्थ आणि फीकल कॉलिफॉर्म असतात. कॉलिफॉर्म हे जिवाणू. पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण म्हणून ते मोजतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात त्यांची संख्या १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत हवी. पण हा आकडा चांगला आला म्हणून विषाणू गेले असं समजू नका. हिपॅटायटिस अ, नोरो, एंटेरो या विषाणूंना चरबीचं बाह्य आवरण नसतं. ते क्लोरीनला कॉलिफॉर्मइतकी सहज दाद देत नाहीत आणि गाळाला चिकटून आठवडेच्या आठवडे टिकू शकतात. ऊन आणि उष्णता त्यांना निकामी करते, मात्र पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ऊन खोलवर पोचत नाही. कालवं तर पाणी गाळूनच जगतात आणि त्यातले विषाणू अंगात साठवतात. १९८८ साली शांघायमध्ये दूषित शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस अ झाला होता.

कोरोनाचं उलट आहे. तो आवरणवाला विषाणू. सांडपाण्यात त्याची लागण करण्याची ताकद लवकर संपते, जनुकीय अंश मात्र पीसीआर तपासणीत बरेच दिवस दिसत राहतात. म्हणजे अहवालात ‘आढळला’ असं असेल तर त्या पाण्याने रोग होतो असं नव्हे, तर वस्तीत लागण झालेली माणसं आहेत. मुंबईत पोलिओसाठी २००१ पासून गटाराचे नमुने घेतले जातात ते याचसाठी: लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच नसतात, पण विषाणू गटारात सापडतो.

आता अर्ज. कोणताही भारतीय नागरिक तो करू शकतो. त्या शहरात राहायची अट नाही, त्यामुळे मुंबईतला चाकरमानीसुद्धा आपल्या गावासाठी अर्ज करू शकतो. कारण सांगावं लागत नाही. ग्रामविकास मंडळ किंवा मच्छीमार सोसायटीच्या नावाने मात्र करू नका. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने करावा. कागदपत्रं मोजकीच: ‘जोडपत्र अ’चा भरलेला नमुना आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, त्याने दाखल्याची प्रत जोडावी. नगरपरिषद राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर असेल तर तिथूनही करता येतो.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून तीन वेगळे अर्ज करा: नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या उप-प्रादेशिक कार्यालयाकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. तिसऱ्या अर्जात कावीळ आणि अतिसाराची महिनावार, प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय रुग्णसंख्या मागा (नावं मिळत नाहीत, मागूही नयेत). हा आकडा पाण्याच्या अहवालाशेजारी ठेवला की बरंच काही दिसतं.

‘पाण्यात विषाणू आहेत का?’ असा प्रश्न विचारू नका. कार्यालय फक्त दप्तरी असलेली माहिती देतं, म्हणून कागद मागा. उदाहरणार्थ: ‘मागील १ जून ते ३१ मे या काळात शहराच्या सांडपाण्याचे जे नमुने तपासले, त्यांच्या सर्व प्रयोगशाळा अहवालांच्या प्रती, नमुन्याचे ठिकाण, तारीख व वेळ यांच्या नोंदींसह. विषाणू तपासणीसाठी नमुने पाठवले असल्यास तो पत्रव्यवहार.’ वेळ आवर्जून मागा. खाडीच्या तोंडाशी भरतीला घेतलेल्या नमुन्यात समुद्राचं पाणी मिसळलेलं असतं, आकडा साहजिकच कमी येतो. तारीख-वेळ हाती असली की भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहता येते.

तुमच्या शहरात भुयारी गटारच नसेल, आणि किनाऱ्यावरच्या अनेक छोट्या शहरांत ते नाही, तर मैला उपसणाऱ्या टँकरची नोंदवही मागा: किती फेऱ्या झाल्या आणि टँकर कुठे रिकामा केला. माझ्या मते कोकणासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. जांभा सच्छिद्र असतो. शौचखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपून जवळच्या विहिरीला लागू शकतं, आणि टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरीनची पूड) वेळेवर न पडलेल्या विहिरीत ते तसंच राहतं.

कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. नमुना स्वतःच्या हाताने बाटलीत भरू नका. विषाणूचा नमुना बर्फात, ठरलेल्या वेळेत प्रयोगशाळेत पोचला नाही तर निकालाला अर्थ राहत नाही, शिवाय लागण होण्याचा धोका आहेच.

उत्तराची मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर त्यांनी ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो. मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत ‘जोडपत्र ब’मध्ये, २० रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. दोन्ही वेळा मूळ अर्जाची प्रत आणि पोच लागते, म्हणून अर्ज हातोहात दिला तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.