क्लब आणि मैदान वेगळे कसे झाले

इंग्लंडमधले फुटबॉलप्रेमी मालकाविरुद्ध फलक घेऊन उभे राहतात, तेव्हा राग बहुतेकदा हरलेल्या सामन्यांपेक्षा जमिनीचा असतो. मैदान कुणाच्या नावावर आहे, ते कुणी कुणाला विकले आणि पुढचा हंगाम कुठे खेळायचा, यावरूनच गेल्या चाळीस वर्षांतली बरीच मोठी आंदोलने पेटली.

जुन्या नियमांत क्लब किंवा मैदानातून नफा काढण्याला बांध होता. भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा होती, संचालकांनी पगार घ्यायचा नव्हता आणि क्लब बंद पडलाच तर उरलेली मालमत्ता त्यांच्या खिशात जाणार नव्हती. १९८३ मध्ये लंडनचा टॉटनहॅम क्लब शेअर बाजारात गेला, तेव्हा क्लबच्या वर एक होल्डिंग कंपनी, म्हणजे क्लबची मालकी असलेली वेगळी कंपनी, उभी केली गेली. नियम क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नव्हे! देशाच्या फुटबॉल संघटनेने ही पळवाट चालवून घेतली आणि बांध तिथेच फुटला.

पुढे १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. त्यानंतरच्या चौकशी अहवालामुळे वरच्या श्रेणींतल्या क्लबांना प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची देणे भाग पडले. निर्णय योग्यच होता. पण भरवस्तीतल्या जुन्या मैदानांची दुरुस्ती महागडी आणि त्यांखालची जमीन त्याहून मोलाची, असा नवा हिशेब त्यातून निघाला.

लंडनच्याच चार्ल्टन क्लबच्या लोकांनी त्याआधीच झळ सोसली होती. १९८५ मध्ये त्यांचा संघ ‘द व्हॅली’ हे आपले मैदान सोडून सेलहर्स्ट पार्क या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू झाला. परतीची योजना नगरपालिकेने अडवली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा पक्ष काढून १९९० ची स्थानिक निवडणूक लढवली आणि १४,८३८ मते मिळवली. डिसेंबर १९९२ मध्ये संघ घरी परतला.

ब्रायटन क्लबचे प्रकरण जास्त कडवट. १९९५ मध्ये त्याचे गोल्डस्टोन मैदान विकले गेले, तेव्हा पर्यायी मैदान ठरलेलेच नव्हते. मैदानाच्या विक्रीतून भागधारकांना नफा काढू न देणारे कलम क्लबच्या घटनेतून गायब झाल्याचे उघडकीस आले आणि गवगवा झाल्यावर ते परत घालण्यात आले. एप्रिल १९९६ मध्ये प्रेक्षक मैदानात घुसले आणि यॉर्कविरुद्धचा सामना सोळाव्या मिनिटाला सोडून द्यावा लागला. फेब्रुवारी १९९७ मध्ये देशभरातल्या इतर क्लबांचे समर्थक आपापल्या जर्सी घालून गोल्डस्टोनवर जमले. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारी ही माणसे, पण हा प्रसंग आपल्यावरही येऊ शकतो हे त्यांनी ओळखले होते. मैदान मात्र वाचले नाही. पुढची दोन वर्षे ‘घरचे’ सामने सुमारे ७० मैलांवरच्या जिलिंगहॅमला झाले.

पण या साऱ्या इतिहासाची खरी गाठ विम्बल्डनच्या निकालात आहे.

विम्बल्डन क्लबने १९९१ मध्ये प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले आणि तेही सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने राहू लागले. जुनी जागा १९९८ मध्ये एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. ऑगस्ट २००१ मध्ये नव्या मालकांनी संघ मिल्टन कीन्सला, म्हणजे ५० मैलांहून दूर नेण्याचे जाहीर केले. क्लब ज्या स्पर्धेत खेळत होता त्या फुटबॉल लीगने नकार दिला. प्रकरण लवादाकडे गेले, तिथून फेरविचारासाठी परत आले आणि अखेर तीन जणांच्या आयोगाकडे सोपवले गेले. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी परवानगी दिली.

बहुमताचे म्हणणे असे होते की क्लब तोट्यात आहे, आसपास मैदानाला जागा नाही, स्थलांतर नाकारले तर तो बुडेल. म्हणून हा अपवाद. समर्थकांनी तळापासून नवा क्लब उभारणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही अहवालात म्हटले होते. हे वाक्य तिथले लोक आजही विसरलेले नाहीत. माझा आक्षेप मात्र त्याआधीच्या तर्कावर आहे. क्लब बेघर झाला तो मालकांच्या निर्णयांमुळे. मग त्याच बेघरपणाचा आधार घेऊन मालकांना आणखी दूर जाण्याची मुभा कशी मिळाली?

‘फ्रँचायझी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला तो तेव्हापासून. अमेरिकेत संघाने शहर बदलणे नवे नाही. ब्रुकलिनचा बेसबॉल संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला. तिथे संघ म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क, तो कुठेही नेता येतो. इंग्लंडमध्ये क्लब म्हणजे गाव, रंग, मैदान आणि वर्षानुवर्षे तिथे येणारी माणसे. आयोगाने परवानगी दिली ती पहिल्या अर्थाने, आणि आंदोलक भांडत होते दुसऱ्या अर्थासाठी.

काही आठवड्यांतच समर्थकांनी एएफसी विम्बल्डन स्थापन केला. सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड झाली. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये हा क्लब लीगमध्ये पोहोचला. मिल्टन कीन्सला गेलेला मूळ क्लब दिवाळखोरीतून जाऊन २००४ मध्ये नवे नाव घेऊन बसला आणि २००७ मध्ये जुनी पदके-चषक विम्बल्डनच्या परिसराला परत मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनवर पुन्हा सामना झाला. महासाथीमुळे तो पाहायला एकही समर्थक आत नव्हता.

नंतरचे बहुतेकांना आठवतच असेल. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडची खरेदी झाली आणि खरेदीसाठी काढलेले कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसले. २०१३ मध्ये भाड्याच्या वादातून कॉव्हेंट्रीचा संघ नॉर्दॅम्प्टनला खेळू लागला, तेव्हा बहिष्कार टाकलेले समर्थक मैदानाबाहेरच्या टेकडीवरून सामने पाहत. २०१९ मध्ये ‘बरी’ हा क्लब लीगबाहेर फेकला गेला. युरोपातल्या बड्या क्लबांनी एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलेली वेगळी ‘सुपर लीग’ दोन-तीन दिवसांत कोसळली.

त्यातूनच फुटबॉल क्लबांच्या कारभारावरचा २०२५ चा कायदा आला. त्यानुसार वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना नव्या नियामकाच्या संमतीशिवाय मैदान विकता किंवा सोडता येत नाही. पण जी मैदाने आधीच वेगळी झाली त्यांचे काय? डर्बी क्लबचे प्राइड पार्क हे मैदान २०१८ मध्ये मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकून तो पैसा क्लबचा नफा म्हणून दाखवला गेला होता. २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. पुढच्या वर्षी त्याला वाचवणाऱ्या उद्योजकाला दोन वेगळे व्यवहार करावे लागले, आधी मैदानाचा आणि मग क्लबचा.