बिल अडवल्याने सब-कॉन्ट्रॅक्टर टिकतो?

‘सब-कॉन्ट्रॅक्टरचं थोडं बिल कायम अडवून ठेवायचं, म्हणजे तो काम टाकून जात नाही’ हा साइटवरचा जुना सल्ला. होतं उलटंच. आठवड्याचा पगार थकला की शटरिंगवाल्याचे (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याचे) कारागीर आधी दुसऱ्या साइटवर जातात. तो मात्र ‘उद्या माणसं येतायत’ म्हणत राहतो. पुढच्या कामाचा दर देताना ही थकबाकी तो आधीच धरतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

करारातली रिटेन्शन, म्हणजे बिलातून ठरवून राखून ठेवलेली रक्कम, वेगळी. तिचा टक्का आणि परत देण्याची मुदत लेखी असते.

‘वरून पैसे आले की देतो’ हेही नेहमी खपत नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सामान-मजुरी एकत्र असलेल्या ठेक्यांना हा कायदा लागतो का, यावर मात्र न्यायालयांत वाद झालेत.

बरीचशी भांडणं मापांवरून होतात. काँक्रीट पडल्यावर सळई कोण मोजणार? स्लॅब भरण्याआधी दोघांनी मिळून मोजून मापवहीत सह्या केल्या, तर आरए बिलावर (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिल्या जाणाऱ्या बिलावर) भांडायला फारसं उरत नाही.